पाय मुरगळला आणि भरती तोंडावर आली: खान्देशातल्या नव्या धावपटूंसाठी

पोलीस भरतीची नुसती कुणकुण लागली, तरी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पहाटेचे रस्ते जागे होतात. गावाबाहेरचा डांबरी रस्ता, कालव्याचा भराव, शाळेचं मैदान, जिथे जागा सापडेल तिथे पोरं-पोरी अंधारात धावताना दिसतात. यातल्या बहुतेकांनी याआधी कधी शिस्तीने सराव केलेला नसतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी डोक्यावर असते. मग पहिल्याच दिवसापासून जीव तोडून धावणं सुरू होतं आणि महिना उलटायच्या आत कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाची नडगी ठणकायला लागते.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली वडीलधारी म्हणतात, महिनाभर खाटेवरून उठू नकोस. सोबतचा म्हणतो, "काही व्हत नही, गोळी खाय आनि पय." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात, आणि दोन्हींमुळे पोरांची वर्षं वाया जाताना मी मैदानावर पाहतो. पडून राहिल्याने पोटरी आणि घोटा कमजोर होतात. गोळी खाऊन धावल्याने अर्धवट सांधलेला भाग पुन्हा फाटतो. दुखावलेला पाय बरा होतो तो मोजून-मापून, दर दिवशी थोडा वाढवत दिलेल्या भाराने. हे कसं करायचं ते क्रमाने सांगतो. घोट्यावर जास्त लिहिलं आहे, कारण मुरगळणं सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त हयगय त्याचीच होते.

मुरगळल्यावर लगेच: हाड तर मोडलं नाही ना?

आपली काळी जमीन उन्हाळ्यात तडकते. पावसाळ्यात चिखलात उमटलेल्या बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. अंधारात पाय त्यात पडला की पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात. यालाच आपण लचक म्हणतो.

पहिलं काम, धावणं तिथेच थांबवा. "दोन फेऱ्या राहिल्यात" म्हणून लंगडत पुढे जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटं बसा, बूट सैल करा आणि मग खालच्या गोष्टी तपासा. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे साधे नियम मांडले आणि आज जगभरातल्या अपघात विभागांत एक्स-रे काढायचा की नाही हे त्यावरून ठरवतात.

घोट्याला दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या टोकापासून मागच्या कडेने वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबत जा. थेट हाडावर दाबल्यावर कळ येते का? मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तो दाबा. आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, कमानीच्या वरचं हाड दाबा. शेवटी उभे राहा आणि चार पावलं टाकून पाहा, लंगडत टाकली तरी चालतील.

यातल्या कुठल्याही हाडावर कळ असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथे सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. पाय वेडावाकडा दिसत असेल, बोटं थंड पडून बधिर झाली असतील, तर चाचपणी करत बसू नका, १०८ ला फोन करा.

सूज किती आली यावरून हाड मोडल्याचा अंदाज बांधू नका. नुसत्या लचकेनेही पाय मडक्याएवढा सुजतो आणि बारीक फ्रॅक्चरमध्ये सूज किरकोळही असू शकते.

पहिले तीन दिवस

हाड शाबूत आहे असं धरू. आता पुढच्या ७२ तासांत काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे.

चोळायचं नाही. गावोगावी मुरगळलेला पाय ओढून, दाबून, तेल लावून चोळून देणारे अनुभवी लोक असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात आणि तंतू उसवलेले असतात. त्यावर जोर लावला की रक्तस्राव वाढतो, सूज वाढते. आणि एक्स-रेच्या आधी कुणी "नस चढली आहे" म्हणून झटका दिला आणि हाडाला चीर असेल, तर ती चीर सरकते. पहिल्या तीन दिवसांत गरम पाण्याचा शेक, गरम लेप आणि दारू, हेही वर्ज्य.

बर्फाचं काय? १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची अशी चौकट सांगितली. ती जगभर पाठ झाली. पुढे खुद्द मर्किन यांनीच कबूल केलं की जास्त बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात, कारण सूज हीच दुरुस्तीची पहिली पायरी असते. म्हणून बर्फ वापरायचा तो दुखणं सोसेना झालं तर. पातळ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, पहिले एक-दोन दिवस. गावात बर्फ मिळाला नाही तर घाबरू नका, माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकंही आराम देतं. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, चामडी भाजल्यासारखी होते.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर पोटरीकडे बांधत जा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा, आणि रात्री झोपताना काढून ठेवा. बसताना-झोपताना पाय उशीवर, शक्यतो छातीपेक्षा उंच.

दुखणं थांबवायला लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही पाकिटावरच्या प्रमाणात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किंवा सुया मेडिकलवरून आपल्या मनाने घेऊ नका. रिकाम्या पोटी त्या जठराला इजा करतात. आणि खान्देशातल्या उन्हात घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. गोळी खाऊन धावायचं तर अजिबात नाही. दुखणं हा या दिवसांतला तुमचा एकमेव पहारेकरी आहे, त्याला झोपवू नका.

आणि हो, हे तीन दिवस खाटेवर खिळून राहायचं नाही. झेपेल तेवढा पाय टेकवून घरात चाला, काठी घ्यावी लागली तरी घ्या. लंगडून चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं चांगलं. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी लिहा, दिवसातून चार-पाच वेळा. घोटा सगळ्या दिशांना हलतो आणि सूज उतरायला मदत होते.

चौथ्या दिवसापासून: भार

फाटलेला अस्थिबंध भरून येताना नवे तंतू आधी कसेही, आडवेतिडवे पडतात. त्यांना योग्य दिशा मिळते ती ताण पडल्यावर. अंबाडीच्या दोराला पीळ भरताना दोन्ही टोकं ताणून धरावी लागतात, ढिल्या हाताने वळलेला दोर ओझं पेलत नाही, तसंच हे आहे. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज थोडा ताण द्यायचाच.

किती द्यायचा, याचं माप सोपं आहे. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं आणि सूज कालच्याएवढी किंवा कमी असली, तर काल केलेलं योग्य होतं, आज थोडं वाढवा. वाढली असेल तर दोन पायऱ्या खाली या. हे एका वहीत रोज लिहा. मैदानावर मी सगळ्यांना ही वही ठेवायला लावतो, कारण "कसा आहे पाय?" विचारलं की भरती जवळ आलेला प्रत्येक जण "एकदम मस्त" म्हणतो, वही तेवढी खोटं बोलत नाही.

व्यायाम चारच, पण नेमाने.

१. गुडघा भिंतीकडे. भिंतीपासून चार बोटं दूर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. हळूहळू अंतर वाढवा. दोन्ही पायांचं अंतर सारखं होईपर्यंत हे सोडायचं नाही.

२. टाचा वर. आधी दोन्ही पायांवर, भिंतीला हात टेकवून. वर जाताना दोन मोजा, खाली येताना चार मोजा. पंधरा-पंधराचे तीन फेरे दुखण्याशिवाय जमले की एका पायावर या. एका पायावर सलग वीस-पंचवीस सफाईने जमायला हवेत. ओट्यावर जमतात म्हणून समाधान मानू नका, पुढे पाठीवर दप्तरात पाच किलो दाणे घेऊन करा. पोटरी धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलते.

३. एका पायावर उभं राहणं. हा व्यायाम सगळे टाळतात, कारण त्यात घाम येत नाही. पण लचक भरताना अस्थिबंधातल्या संवेदना देणाऱ्या नसांनाही इजा होते. पाऊल कुठे, कसं पडतंय याची खबर मेंदूला उशिरा पोचते आणि म्हणूनच एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. ३० सेकंद एका पायावर, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, मग त्याच स्थितीत मित्राने फेकलेला चेंडू झेलत. दात घासताना करा, बसची वाट बघताना करा. पाय बरा झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा.

४. रबरी पट्टी, नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. पावलाभोवती अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढा, सावकाश. पंधराचे तीन फेरे.

बाकीचं शरीर या काळात रिकामं ठेवू नका. जोर काढा, पुल-अप्स मारा, चांगल्या पायावर बैठका करा. घोटा सायकल मारताना दुखत नसेल तर सायकल चालवा, दम टिकून राहील.

लंगडीची परीक्षा, मग धावणं

साध्या लचकेला दोन-तीन आठवडे, मध्यम फाटलेल्याला सहा आठवड्यांपर्यंत, पूर्ण फाटलेल्याला काही महिने लागतात. पण कॅलेंडर बघून धावायला लागू नका. दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला असं होत नाही. दुखणं आधी जातं, ताकद आणि तोल मागाहून येतात. या मधल्या दिवसांतच पुन्हा दुखापत होते.

तयारी तपासायला आपल्या मातीतलीच लंगडी आहे. आधी ३० मिनिटं झपझप चाला, लंगडायला नको. मग दुखऱ्या पायावर जागच्या जागी वीस उड्या. मग लंगडी घालत एका रेषेत दहा मीटर, नंतर नागमोडी. शेवटी एका पायावर तीन सलग लांब उड्या मारून अंतर मोजा, दोन्ही पायांनी. दुखावलेल्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचलं, तर जोरात धावायला हरकत नाही. हलकं धावणं मात्र वीस उड्या न दुखता जमल्या की सुरू करता येतं.

हलकं म्हणजे एक मिनिट जॉगिंग, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. एक दिवसाआड. पुढच्या वेळी दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. असं करत सलग वीस मिनिटांपर्यंत या. आधी सरळ रेषेत, मग वळणावर, मग वेग, आणि सगळ्यात शेवटी १०० मीटरचं झपाट्याने सुटणं. कबड्डी खेळणाऱ्यांना याच्याही पुढे एक पायरी आहे: अचानक थांबणं, दिशा बदलणं, कुणीतरी ओढत असताना तोल सांभाळणं. ते जमल्याशिवाय चढाईला जाऊ नये.

कबड्डीचा विषय निघालाच आहे तर गुडघ्याबद्दल एक सूचना. पकडीत गुडघा पिळवटला, आत "कट्" असं काही जाणवलं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर तो या लेखाचा विषय नाही. आत रक्त साचलेलं असतं आणि गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, घरी प्रयोग करू नका.

नडगीचं दुखणं

घोटा एका क्षणात मुरगळतो, नडगी मात्र आठवड्यांमागून आठवडे खबर देत असते. पायाच्या आतल्या बाजूला, नडगीच्या खालच्या भागात, वीतभर पट्ट्यात दुखतं. सुरुवातीला धावताना पहिली पाच मिनिटं, मग पूर्ण वेळ, मग चालतानाही. अचानक वाढवलेलं अंतर, कायम डांबरावर धावणं आणि झिजलेले बूट, ही त्याची नेहमीची कारणं. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय सतत खाली पडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. मातीचं मैदान, पांदण रस्ता, गवत मिळेल तिथे धावा. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने अंधारात धावणं तर नडगीपेक्षा जिवालाच घातक आहे.

पट्ट्यात दुखत असेल तर धावणं निम्म्यावर आणा, टाचा वर करण्याचा व्यायाम लावा आणि मग धावणं दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. पण एकाच बिंदूवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, बोट ठेवलं की कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारली की तिथेच टोचत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून धावायला लागू नका. दुखणं तसंच असेल तर पुन्हा दाखवा, डॉक्टर एमआरआय सांगतील.

मुलींसाठी एक गोष्ट, आणि ती त्यांच्या आयांनीही वाचावी. सराव सुरू केल्यावर पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर ती सोय समजू नका. घेतलेलं अन्न आणि होणारी मेहनत यांचा मेळ बसत नसल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वेळी हाडं कमजोर होतात आणि चिरा पडतात. डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि ताटात वाढून घ्या.

पुन्हा दुखू नये म्हणून सराव कसा आखायचा

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत म्हणजे रोज १६०० मीटर घड्याळ लावून मारणं. रोज परीक्षा दिल्याने अभ्यास होत नाही. आठवड्यात दोन दिवस कसून धावा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. बाकीचे दोन-तीन दिवस इतकं सावकाश धावा की सोबतच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. एक दिवस पूर्ण सुट्टी.

कसून धावणं म्हणजे काय? सव्वापाच मिनिटांत १६०० मीटर धावायचे तर ४०० मीटरची प्रत्येक फेरी सुमारे ७९ सेकंदांत व्हायला हवी. आधी २०० मीटर ३९-४० सेकंदांत सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं. काही आठवड्यांनी ४०० मीटर चार वेळा, मध्ये तीन मिनिटं. वेग तोच ठेवायचा आणि विश्रांती हळूहळू कमी करायची. पहिली फेरी ७० सेकंदांत मारून चौथ्या फेरीत कोसळणारी पोरं दर भरतीत दिसतात.

अंतर एकदम दुप्पट करू नका. आठवड्याला थोडं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करा. बैठका, टाचा, आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर बसून मित्राला घोटे धरायला लावत पुढे सावकाश झुकणं, हे आठवड्यातून दोनदा. १०० मीटरला मांडी मागून धरते ती याच स्नायूत, आणि या व्यायामाने ते बरंच टळतं. गोळाफेकीचं थोडक्यात: मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. हलक्या गोळ्याने तंत्र बसवा. गोळा मानेला टेकवून ढकलायचा असतो, चेंडूसारखा फेकला की खांदा आणि कोपर जातात.

झोप आठ तास. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे चारला मैदान, यात पाय बरा होणार नाही. बरं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं.

खाण्यासाठी प्रोटीन पावडरचे डबे विकत घ्यायची गरज नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मठ, शेंगदाणे, दूध, अंडी, जमेल तर सोयाबीनच्या वड्या. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोच्या मुलाला ७५ ते ९० ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. केळी आपल्याकडे घरची आहेत, धावण्याच्या तासभर आधी दोन खा. पण केळ्यात प्रथिनं नगण्य असतात, त्यावर भिस्त ठेवू नका. ताकद वाढवणारी म्हणून कुणी सुई किंवा बिनलेबलची पूड दिली, तर तिला हात लावू नका.

मार्च ते जून सकाळी साडेसातच्या आत सराव आटोपा. धावताना कुणी बरळू लागला, तोल जाऊन पडला, अंग तापलं असेल, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, ओतत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

भरतीच्या आधीचे दहा दिवस

या दहा दिवसांत नवीन ताकद येत नाही, फक्त थकवा उतरतो. अंतर निम्मं करा, वेग तोच ठेवा. नवे बूट या दिवसांत घालू नका, किमान महिनाभर वापरलेलेच न्या. घोटा जुना मुरगळलेला असेल तर आधार देणारा पट्टा किंवा टेपिंग वापरता येतं, पण ते सरावात आधी वापरून पाहा आणि त्या मैदानावर चालतं का ते विचारून ठेवा.

पाय अजून लंगडीच्या परीक्षेत उतरत नसेल, तर भरतीच्या चाचणीला जायचं की नाही हा निर्णय आई-वडील आणि डॉक्टर यांच्यासोबत बसून घ्या, मित्रांच्या घोळक्यात नको. चाचणीच्या दिवशी तुमचा नंबर दुपारीही लागू शकतो. त्यामुळे मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस, केळी आणि टोपी सोबत ठेवा, सावलीत बसा, आणि नाव पुकारण्याच्या वीस मिनिटं आधी उठून चालणं, हलकं धावणं, घोटे फिरवणं, दोन-तीन छोट्या झेपा, एवढं करून घ्या.